कांट्यांची साक्ष

यंत्र निर्माण करणें ही एक विद्या आहे, आणि चालत्या यंत्राच्या पोटांत काय घडत आहे हें बाहेरून ओळखणें ही तिच्याहून निराळी, पण तितकीच महत्त्वाची विद्या आहे. पहिल्या विद्येचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. वाफेचें इंजिन कोणीं केलें, मोटार कोणीं केली, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. दुसऱ्या विद्येकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. जुन्या मालमोटारीच्या चालकासमोर जी लोखंडी पाटी असे आणि तिजवर जे चार-पांच कांटे हालत असत, त्यांचा जन्म कोठें झाला, ते कोल्हापूरच्या रस्त्यांवर कसे येऊन पोंचले, आणि ते खोटें बोलूं लागले म्हणजे त्यांची उलटतपासणी कशी होत असे, हा इतिहास दिसावयास लहान आहे. परंतु पुराव्याची पारख कशी करावी, याचा एक मोठा धडा त्यांत सांठविलेला आहे.

बैलगाडीच्या काळीं या विद्येची गरज भासत नव्हती. कोल्हापूर संस्थानांत गुळाचें उत्पन्न मोठें. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत, १८९५ सालीं, शाहूपुरीची पेठ वसविण्यांत आली आणि गुऱ्हाळांवरून गुळाच्या ढेपा भरलेल्या गाड्या तिकडे वळूं लागल्या. या गाडीवानांचें सारें ज्ञान त्यांच्या डोळ्यांत व कानांत होतें. आंस कोरडा पडला कीं चाक कुरकुरे. बैल थकला कीं त्याची मान खालीं जाई आणि तोंडाला फेस येई. व्याधि आणि तिचें लक्षण यांच्यामध्यें तिसरा कोणी नव्हता. मोटार आली आणि हा तिसरा मध्यें येऊन उभा राहिला. पोलादी पेटींत कोंडलेलें तेल, पाणी आणि वीज हीं डोळ्यांस दिसत नाहींत; त्यांची तक्रार कानांवर येते तेव्हां बहुधा वेळ टळून गेलेली असते. म्हणून साक्षीदार नेमावा लागला. पाटीवरील कांटा हा तो साक्षीदार होय.

या साक्षीदारांत वयानें सर्वांत वडील म्हणजे दाबाचा कांटा. यूजेन बूर्दों नांवाच्या फ्रेंच यंत्रज्ञानें तो १८४९ सालीं शोधून काढला. त्याचें तत्त्व एखाद्या मुलालाहि कळण्यासारखें आहे. जत्रेंत मुलें गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकतात; फुंकर आंत शिरली कीं तिची गुंडाळी उलगडते. बूर्दोंनें कागदाऐवजीं पितळेची चपटी नळी घेतली, ती अर्धवर्तुळाकार वांकविली, एक तोंड बंद केलें आणि दुसऱ्या तोंडानें आंत दाब सोडला. दाब वाढला कीं नळी किंचित् सरळ होऊं पाहते, आणि तिच्या शेंड्यास जोडलेला कांटा फिरतो. वाफेच्या इंजिनास तर हा शोध वरदानच ठरला. १८९१ सालीं मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला तेव्हां त्यावरून धांवणाऱ्या इंजिनांच्या चालकांसमोर याच जातीचा कांटा वाफेचा दाब सांगत होता. पुढें मोटारीच्या वंगण-तेलाचा दाब दाखविण्यासाठीं तीच नळी, आकारानें लहान होऊन, तिच्या पाटीवर बसली.

वेगाच्या कांट्याचा जन्म १९०२ सालचा. ओटो शुल्झ या जर्मन संशोधकानें त्याचें पेटंट घेतलें. गाडीच्या गतीबरोबर फिरणारी एक लवचिक तार पाटीमागील लोहचुंबकास फिरविते; चुंबकाभोंवतीं ॲल्युमिनिअमची एक हलकी वाटी असते. चुंबकाचा वाटीस स्पर्श होत नाहीं, तरी फिरत्या चुंबकामुळें वाटींत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात आणि वाटी त्याच्यामागें ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागें खेंचीत असते. या दोन ओढींची बरोबरी जेथें होते, तेथें कांटा थांबतो. विजेचा कांटा, म्हणजे ॲमीटर, मोटारींत आवश्यक झाला तो १९१२ नंतर. त्या सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला. बॅटरी आणि डायनॅमो यांचा संसार मोटारींत सुरू झाला, आणि संसार म्हटला कीं जमाखर्च पाहणें आलें. तो जमाखर्च ॲमीटर सांगूं लागला. त्याच सुमारास रेडिएटरच्या टोपणावर बसणारा बॉइस मोटोमीटर नांवाचा उष्णतामापक अमेरिकेंत निघाला. चालक आंत बसून कांचेतून समोरच्या टोपणावरचा मापक पाही.

पेट्रोलच्या बाबतींत मात्र बराच काळ काठीचेंच राज्य होतें. १९०८ सालीं निघालेल्या फोर्ड टी मोटारीची टाकी बैठकीखालीं असे आणि पेट्रोल मोजण्यासाठीं तींत काठी बुडवावी लागे. पेट्रोल केवळ उतारानें इंजिनाकडे वाहत असल्यामुळें टाकी अर्धीमुर्धी असतां चढ लागला कीं पेट्रोल इंजिनापर्यंत पोंचतच नसे. मग चालक गाडी वळवून उलट्या गतीनें चढ चढवीत. टाकी गाडीच्या मागील बाजूस गेली आणि पेट्रोल ओढून घेणारा पंप आला, तेव्हां काठीची जागा फ्लोट आणि विजेची तार यांनीं घेतली.

हिंदुस्थानांत हे कांटे मोठ्या संख्येनें आले ते पहिल्या महायुद्धानंतर. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस शिवडी येथें सुटे भाग जोडून मोटारी उभ्या करण्याचा कारखाना काढला, आणि शेव्हरोले हें नांव दक्षिण महाराष्ट्रांतील पेठांत परिचित होत गेलें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. कोळशाचा वायु करणारी उंच भट्टी बाजूस बांधून मोटारी धांवूं लागल्या. अशा गाडींतील पेट्रोलचा कांटा नोकरी सुटलेल्या कारकुनासारखा रिकामा बसून राही. युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक मालमोटारी विक्रीस निघाल्या. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें पुढें अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं करार करून डॉज, फार्गो वगैरे मालमोटारी जोडून विकल्या. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां या भागांतील रस्त्यांवर अशा नाना घराण्यांच्या गाड्या एकत्र नांदत होत्या.

अडचणीचें मूळ येथेंच होतें. प्रत्येक घराण्याच्या कांट्याची भाषा वेगळी. फोर्डच्या त्या काळच्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू गाडीच्या सांगाड्यास जोडलेली, तर शेव्हरोलेमध्यें ऋण बाजू. बहुतेक गाड्या सहा व्होल्टच्या. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकन गाड्या बारा व्होल्टवर गेल्या. दोन्ही घराण्यांच्या पेट्रोलच्या कांट्यांचा स्वभाव तर परस्परांच्या अगदीं उलट. शिवाय घाट होते. कोल्हापूरहून कोंकणांत उतरावयाचें म्हणजे आंबा, करूळ किंवा फोंडा यांपैकीं एखादा घाट ओलांडणें भाग. कोंकणांतून माल भरून परत वर येतांना इंजिनाची खरी कसोटी लागे, आणि त्या वेळीं चालकास कांट्यांवांचून दुसरा सल्लागार नसे.

सुटा भाग मिळावयाचा तर मुंबईकडे पाहावें लागे. परंतु जें विकत मिळत नाहीं तें पाहून, उकलून, समजून घेऊन स्वतः घडवावें, ही या नगराची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटर यांनीं चित्रपटाचा कॅमेरा येथेंच तयार केला आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. शेतांतील इंजिनें व पंप दुरुस्त करतां करतां ओतकाम आणि कांतकाम यांचा धंदा वाढला; शिवाजी उद्यमनगर ही वसाहत त्याच परंपरेची. अशा वातावरणांत वाढलेल्या मेस्त्र्यापुढें जेव्हां मेलेला कांटा येई, तेव्हां नवा आणून बसविणें हा मार्ग त्यास बहुधा मोकळा नसे. त्यास विचार करणें भाग पडे. या सक्तीच्या विचारांतूनच जी पद्धति सिद्ध झाली, ती एखाद्या न्यायालयास शोभेल अशी होती.

ती पद्धति तीन प्रश्नांत सांगतां येते. पहिला प्रश्न: कांटा जें सांगतो तें कदाचित् खरेंच तर नाहीं ना? दुसरा: घटना जेथें घडते तेथून निरोप घेऊन येणारी तार अथवा नळी धड आहे ना? आणि तिसरा, अगदीं शेवटचा: साक्षीदार स्वतः बिघडला आहे काय? अननुभवी मनुष्य हा क्रम उलटा धरतो. तो आधीं कांटाच बदलतो. आणि दोष तारेंत किंवा इंजिनांत असल्यामुळें नवा कांटाहि तेंच बोलूं लागतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत. कुशल मेस्त्री प्रथम बाहेरचा स्वतंत्र पुरावा पाही. कांटा पेट्रोल संपलें म्हणतो काय? तर टाकींत काठी घाला. कांटा इंजिन तापलें म्हणतो काय? तर पाण्याची पातळी, पंख्याचा पट्टा आणि रेडिएटर पाहा. मात्र तापलेल्या रेडिएटरचें टोपण उघडूं नका. त्यानंतर तो पाही कीं एकच कांटा बिघडला आहे कीं सर्व. सर्व विजेचे कांटे एकदम मेले, तर चार निरनिराळे दोष एकाच दिवशीं उद्भवले असें मानण्यापेक्षां त्या सर्वांस वीज पुरविणारी एकच तार किंवा फ्यूज तुटला असें मानणें अधिक सयुक्तिक.

पेट्रोलचा कांटा घेऊं. टाकींत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो; त्याची दांडी खालींवर झाली कीं विजेच्या मार्गांतील अडथळा कमीजास्त होतो. शेव्हरोलेच्या जुन्या पद्धतींत टाकी रिकामी असतां अडथळा जवळजवळ शून्य असे आणि भरली असतां सुमारें ३० ओहम. फोर्डच्या पद्धतींत विजेनें तापून वांकणारी दोन धातूंची पट्टी कांटा फिरवी. तेथें जितकी वीज अधिक, तितका कांटा भरल्याकडे जाई. यावरून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. टाकीकडे जाणारी तार तुटली तर फोर्डचा कांटा टाकी रिकामी आहे म्हणून सांगतो, आणि शेव्हरोलेचा कांटा ती भरून वाहत आहे म्हणून सांगतो! पहिला खोटें बोलून सावध करतो. दुसरा खोटें बोलून घात करतो. आंब्याच्या चढावर, काळोख्या रात्रीं, भरल्या गाडीचें इंजिन अकस्मात् बंद पडतें आणि कांटा मात्र शेवटपर्यंत भरलेली टाकी दाखवीत राहतो, तो या स्वभावामुळें.

शेव्हरोलेची परीक्षा सोपी होती. टाकीवरची तार सोडून मोकळी धरावी. कांटा भरल्याच्या खुणेपलीकडे गेला पाहिजे. तीच तार सांगाड्याच्या स्वच्छ लोखंडास टेकवावी. कांटा रिकाम्यावर आला पाहिजे. दोन्ही वेळीं कांट्यानें आज्ञा पाळली, तर कांटा आणि तार दोन्ही निर्दोष. गुन्हेगार टाकींत आहे. पेट्रोलची वाफ पेट घेण्यास एक ठिणगी पुरते, म्हणून ही परीक्षा टाकीचें तोंड बंद ठेवून आणि टाकीपासून दूर तार टेकवूनच करावयाची, हा दंडक. फोर्डच्या कांट्याची तार सांगाड्यास क्षणापेक्षां अधिक टेकविल्यास त्याची पट्टी जळण्याचें भय असे. १९५६ पासून फोर्डनें या कांट्यांस सुमारें पांच व्होल्टचाच दाब मिळावा म्हणून एक नियामक बसविला. तो बिघडला कीं पेट्रोलचा व पाण्याचा असे दोन्ही कांटे एकाच दिशेनें चुकूं लागतात. दोन साक्षीदार एकच खोटें बोलूं लागले, तर त्यांना पढविणारा कोण तें शोधावें, हा वकिली न्याय येथें अक्षरशः लागू पडतो.

या साऱ्या शोधांत सर्वांत फसवा गुन्हेगार म्हणजे सांगाड्याशीं असलेला जोड. मेस्त्री लोक त्यास ‘अर्थ’ म्हणतात. मूळ शब्द इंग्रजी. परंतु मराठींत तो अगदीं चपखल बसला आहे, कारण हा ‘अर्थ’ तुटला कीं कांट्याच्या बोलण्यांतील अर्थहि नाहींसा होतो. वीज बॅटरींतून तारेनें निघते, पण परत येते ती गाडीच्या लोखंडांतून. मध्यें गंज आला, रंगाचा थर आला, किंवा टाकीखालीं नवें रबर बसविलें, तर परतीची वाट बंद. पुष्कळदां गाडी रंगवून, सजवून आणली जाई आणि त्याच दिवसापासून पेट्रोलचा कांटा भरल्यावर अडकून बसे. मालक म्हणे, रंगाऱ्यानें कांटा मोडला. रंगाऱ्यानें कांट्यास हातहि लावलेला नसे. त्यानें केवळ टाकीच्या कडेस दोन हात रंग अधिक दिलेला असे. एक तांब्याची तार टाकीपासून सांगाड्याच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडापर्यंत नेली कीं कांटा बरा होई.

सहा व्होल्टच्या गाडींत हा दोष अधिक जाचक कां, हें साध्या गणितानें कळतें. ३६ वॅटच्या दिव्यास सहा व्होल्टवर ६ अँपिअर वीज लागते, बारा व्होल्टवर ३. गंजलेल्या जोडाचा अडथळा दशांश ओहम धरला, तर पहिल्या गाडींत सहापैकीं ०.६ व्होल्ट, म्हणजे दहावा हिस्सा, वाटेंतच नाहींसा होतो. दुसरींत बारापैकीं ०.३ व्होल्ट, म्हणजे चाळिसावा हिस्सा. तोच गंज, पण चौपट नुकसान. गरिबाच्या खिशांतून एक रुपया गेला तर तो अधिक बोंचतो, तशांतलाच हा प्रकार.

पाण्याच्या उष्णतेचा जुना कांटा विजेवर चालत नसे. इंजिनाच्या पाण्यांत बुडालेल्या लहानशा गोळ्यांत ईथर असे; तापून त्याची वाफ झाली कीं तिचा दाब केसासारख्या बारीक नळींतून पाटीपर्यंत येई आणि तेथें बूर्दोंचीच नळी कांटा फिरवी. ही नळी मोडली कीं ईथर उडून जाई आणि कांटा कायमचा थंड पडे. हा कांटा खरा कीं खोटा हें पाहण्यासाठीं त्याचा गोळा उकळत्या पाण्यांत धरीत. येथें भूगोल आड येतो. पुस्तकांत पाणी २१२ अंश फॅरनहाइटवर उकळतें असें लिहिलेलें असतें. पण तें समुद्रकांठीं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें १,८५० फूट उंच असल्यामुळें येथें उघड्या भांड्यांतील पाणी २०८-२०९ अंशांसच उकळतें. तेव्हां तीन-चार अंश कमी दाखविणारा कांटा या गांवीं सत्यवादी आहे, आणि बरोबर २१२ दाखविणारा थोडा वाढवून सांगणारा आहे!

वंगण-तेलाच्या दाबाच्या कांट्याविषयीं तर अधिकच जपून निर्णय द्यावा लागे. १९५३ पर्यंतच्या शेव्हरोले मालमोटारींच्या सहा सिलिंडरच्या नेहमींच्या इंजिनांत तेलाचा दाब मुळांतच कमी, चौरस इंचास सुमारें १४ पौंड असे. कांही भागांना तेल शिंतोड्यांनींच मिळे. म्हणून त्या गाडीचा कांटा ३० पौंडांपर्यंतच आंखलेला होता. पुढच्या, पूर्ण दाबाच्या इंजिनांना ६० पौंडांचा कांटा आला. आतां एखाद्यानें जुन्या गाडींत नव्याचा कांटा बसविला, तर अर्ध्याच्या जवळ उभा राहणारा कांटा पाव हिस्साहि चढत नाहीं. आणि धडधाकट इंजिन उकलून टेबलावर मांडलें जातें. साक्षीदार खोटें बोललेला नसतो. त्याची बोली वेगळी असते, इतकेंच. उलट, कांटा खरोखर शून्यावर आला असतां तो बिघडला असेल असें म्हणून गाडी हांकणारा मनुष्य कांहीं मिनिटांतच बेअरिंगचा पांढरा धातु वितळवून बसतो. म्हणून नियम असा होता: तेलाचा कांटा पडला कीं प्रथम इंजिन बंद करावयाचें, तेल पाहावयाचें, मग खात्रीचा दुसरा कांटा त्याच जागीं लावून दाब मोजावयाचा, आणि त्यानंतरच पहिल्याविषयीं मत द्यावयाचें.

ॲमीटर हा यांत सर्वांत सरळ स्वभावाचा. इंजिन सुरू झाल्यावर कांटा जमेकडे झुकावा आणि खर्च भरून निघाला कीं मध्याशीं यावा. तो सतत खर्चाकडे राहिला तर पट्टा, डायनॅमोचे ब्रश आणि कट-औट यांची चौकशी करावी. मात्र गाडीची बहुतेक सारी वीज त्याच्या पोटांतून जात असल्यामुळें मागची चाकी सैल राहिली तर ती तापते आणि आग लागण्याचा संभव असतो. म्हणून पाटीमागें हात घालण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी लागे. वेगाचा कांटा थरथरूं लागला तर बहुधा आंतील तार कोरडी पडलेली किंवा कोठें तरी पिळलेली असते. मैल मोजणारे आंकडे फिरतात पण कांटा हालत नाहीं, तर तार निर्दोष आणि दोष वाटींत. दोन्ही बंद, तर दोष तारेंत किंवा तिला फिरविणाऱ्या चाकांत.

हें सर्व केवळ यंत्राचें पुराण नव्हे. या कांट्यांवर माणसांची अब्रू अवलंबून असे. फ्लोटच्या पितळी गोळ्यास सुईच्या अग्राएवढें भोंक पडलें कीं त्यांत हळूहळू पेट्रोल शिरतें आणि गोळा बुडतो. मालकानें संध्याकाळीं अर्ध्यावर पाहिलेला कांटा सकाळीं रिकाम्यावर दिसतो. रात्रीं गाडींत झोंपला होता तो क्लीनर. त्याचा पगार थोडा, पाठीशीं कोणी नाहीं. त्याच्यावर चोरीचा आळ घेण्यास याहून अधिक पुरावा कोणास लागणार? काठी घालून टाकी पाहण्यास दोन मिनिटें पुरतात; पण रागावलेल्या मनुष्यास कांट्यावर विश्वास ठेवणें अधिक सोयीचें वाटतें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची ही रीत यंत्रयुगानें निर्माण केली नाहीं. यंत्रयुगानें तिला एक चकचकीत, कांचेआडचा, वरकरणी निःपक्षपाती साक्षीदार तेवढा मिळवून दिला. जो मेस्त्री अशा वेळीं टाकी उघडून बुडालेला गोळा बाहेर काढी आणि कानाशीं धरून त्यांतलें पेट्रोल हालवून दाखवी, त्यानें गाडी दुरुस्त केली असें म्हणणें अपुरें आहे. त्यानें एका गरिबाची भाकरी वांचविली, असें म्हटलें पाहिजे.

काळ पुढें गेला. १९५४ सालीं टाटा आणि डायम्लर-बेन्झ यांच्या सहकार्यानें जमशेदपुरास डिझेल मालमोटारी निघूं लागल्या. जनरल मोटर्सनें त्याच वर्षीं हिंदुस्थानांतील मोटारजोडणी बंद केली. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मैलांचें राज्य संपून किलोमीटरचें आलें. कित्येक गाड्यांत कांट्यांची जागा लाल दिव्यांनीं घेतली. परंतु दिवा आणि कांटा यांत मोठा फरक आहे. संकट येत आहे हें कांटा सांगतो. दिवा बहुधा तें आलें म्हणजे सांगतो. आजच्या मालमोटारींत उष्णतेचा आणि दाबाचा निरोप संगणकाकडे जातो आणि दोषाचा क्रमांक पडद्यावर उमटतो. तरी तो क्रमांक निरोप्याचा दोष सांगतो कीं इंजिनाचा, हा प्रश्न जेथल्या तेथेंच आहे. आणि क्रमांक वाचून निरपराध भाग बदलणारे लोकहि जेथल्या तेथेंच आहेत.

जुन्या गाड्या मात्र आतां विरळ झाल्या. दसऱ्याच्या सोहळ्यांत छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक मोटार कोल्हापूरकरांनीं कौतुकानें पाहिली आहे; राजघराण्याच्या वाहनास असा आदर मिळतो, हें योग्यच. परंतु गुळाच्या ढेपा वाहणाऱ्या, घाट चढतां चढतां उकळणाऱ्या, फाळक्यांना दोरखंड बांधलेल्या मालमोटारीस मिरवणूक मिळाली नाहीं. बहुतेक मोडीच्या बाजारांत गेल्या. ज्या थोड्या हौशी लोकांच्या हातीं उरल्या आहेत, त्यांपैकीं कित्येकांच्या पाट्यांवरील मूळ कांटे काढून तेथें नवे, कोणत्याहि गाडीस चालणारे कांटे बसविले जातात. जुना कांटा मेला, असें कारण सांगतात. त्यांतील पुष्कळ मेलेले नसतात. त्यांचा ‘अर्थ’ तेवढा तुटलेला असतो. घासकागदाचा एक तुकडा, वीतभर तार आणि एक लहान दिवा इतक्या सामग्रीनें त्यांना पुन्हां बोलतें करतां येतें. ज्याच्यापाशीं अशी गाडी असेल, त्यानें कांटा फेंकण्यापूर्वीं ते तीन प्रश्न विचारावे आणि क्रमानें विचारावे. प्रथम घटना, मग निरोप्या, आणि सर्वांच्या शेवटीं साक्षीदार.